युनिटमधल्या ऑर्डरी कशा सांभाळायच्या: डाक येण्यापासून पार्ट टूपर्यंत सगळं

सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांची सही झाली की ऑर्डर निघाली, काम झालं, असं ऑफिसात नवीन आलेल्या क्लार्कला वाटत असतं. खरं काम तिथून पुढं असतंय. ती ऑर्डर लांबच्या पोस्टवरच्या संत्रीपर्यंत (पहारेकऱ्यापर्यंत) पोचली का, रजेवरून परत आलेल्याला कुणी सांगितली का, मधे बदल झाला तर जुनी कॉपी बोर्डावरून काढली का, आणि दहा वर्षांनी कोणी विचारलंच तर हे सगळं कागदावर दाखवता येईल का. माझी सगळी सर्व्हिस युनिट ऑफिसातच गेली, त्यामुळं हे लिहितोय ते मुख्यतः नवीन क्लार्क पोरांसाठी, कंपनीच्या सीएचएमसाठी (कंपनी हवालदार मेजर), आणि ज्या जवानांना वाटतं की पार्ट टू (रेकॉर्ड आणि पगाराच्या नोंदीची ऑर्डर) म्हणजे क्लार्कचं काहीतरी असतं, आपला काय संबंध, त्यांच्यासाठी तर नक्कीच. सगळं इंडियन आर्मीच्या इन्फन्ट्री युनिटच्या हिशोबानं लिहिलंय, दुसऱ्या आर्ममध्ये नावं थोडी बदलतात, सीएचएमच्या जागी बीएचएम (बॅटरी हवालदार मेजर) येतो, पण पद्धत तीच.

कुठला कागद कुणाच्या वर

सगळ्यात वर आर्मी ॲक्ट १९५०, त्याखाली आर्मी रूल्स १९५४, मग रेग्युलेशन्स फॉर द आर्मी (जुने लोक अजून डीएसआरच म्हणतात). त्याखाली संरक्षण मंत्रालयाच्या आर्मी इन्स्ट्रक्शन आणि आर्मी हेडक्वार्टरच्या आर्मी ऑर्डर, प्रत्येकाला नंबर आणि वर्ष. मग कमांड, कोर, डिव्हिजन, ब्रिगेड यांची पॉलिसी लेटरं. आणि मग आपलं युनिट, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर, रोजच्या पार्ट वन ऑर्डर आणि पार्ट टू ऑर्डर.

खालचा कागद वरच्याला छेद देऊ शकत नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा. युनिट स्टँडिंग ऑर्डरमध्ये काहीतरी वर्षानुवर्षं लिहिलेलं असतं आणि मधल्या काळात वरून नवीन ऑर्डर येऊन गेलेली असते, पण स्टँडिंग ऑर्डर कुणी उघडलेलीच नसते. म्हणून पोस्टिंगवर आल्या आल्या पहिलं काम हे करा, की युनिटची स्टँडिंग ऑर्डर घेऊन बसा आणि प्रत्येक विषयासमोर त्याची अथॉरिटी काय आहे ते पेन्सिलनं लिहा. जिथं अथॉरिटी सापडत नाही तिथं खूण करून हेडक्लार्क साहेबांना दाखवा. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन संध्याकाळी जातील, पण नंतर ॲडज्युटंट (सीओंचं ऑफिस सांभाळणारे ऑफिसर) साहेबांनी अचानक विचारलं की हे कुठल्या ऑर्डरीवरून करतो आपण, तर तोंड बघत बसावं लागत नाही.

डाक आली, आता

डाक रनरकडून घेताना पाकिटांची संख्या आणि त्याच्या बुकातल्या नोंदी जुळवूनच सही करायची, घाईत असला तरी. क्लासिफाईड डाक दुहेरी पाकिटात येते, बाहेरच्यावर नुसता पत्ता आणि आतल्यावर वर्गीकरण, मग ते टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल जे असेल ते. आतलं पाकीट नावानं आलं असेल तर ते त्या साहेबांनीच किंवा त्यांनी नेमलेल्यानंच फोडायचं, क्लार्कनं नाही. सील तुटलेलं किंवा कडेला फाटलेलं दिसलं तर तिथल्या तिथं सांगा आणि लेखी नोंद करून ठेवा, कारण एकदा रजिस्टरला चढलं की मग ते तुमच्या हातात फाटलं असंच धरलं जातं.

बाकीचं उघडलं की तारखेचा शिक्का, डायरी नंबर, रजिस्टरला नोंद. आणि जोडपत्रं मोजा! लेटरमध्ये लिहिलेलं असतं तीन एन्क्लोजर, येतात दोन, आणि हे कळतं पंधरा दिवसांनी जेव्हा रिटर्नचा फॉरमॅट शोधायला लागतो तेव्हा. कमी असेल तर त्याच दिवशी पाठवणाऱ्या ऑफिसला फोन आणि फोनच्या मागोमाग लेखी. सीक्रेट कागदांना कॉपी नंबर असतो, तो पण रजिस्टरला उतरवायचा, आणि हे रजिस्टर साध्या डाकेच्या रजिस्टरपेक्षा वेगळं.

सिग्नल आला असेल तर आधी डेट टाइम ग्रुप बघा, पहिले दोन आकडे तारीख आणि पुढचे चार वेळ. १४१६३० म्हणजे १४ तारीख, संध्याकाळचे साडेचार. त्याच विषयावर दोन सिग्नल लागोपाठ आले तर नंतरचा कुठला ते यावरूनच ठरतं, टेबलावर कुठला वर पडलाय यावरून नाही.

वाचायचं कसं

लेटर हातात आलं की लोक पहिला पॅरा वाचतात आणि मार्किंग करून पुढं सरकवतात. तसं करू नका. प्रत्येक ऑर्डरीतनं चार गोष्टी काढायच्या आणि मिनिट शीटवर (फाइलमधला शेरे लिहायचा कागद) दोन ओळीत लिहायच्या. कधीपासून लागू आहे, कुणाला लागू आहे, आपण काय करायचंय आणि किती तारखेपर्यंत कळवायचंय, आणि ह्या ऑर्डरीनं आधीची कुठली ऑर्डर रद्द किंवा बदललीय. शेवटची गोष्ट बहुतेक वेळा अगदी तळाशी एका ओळीत लपलेली असते आणि सगळा घोळ तिथूनच होतो.

बदल आला असेल तर मूळ ऑर्डर त्याच दिवशी काढा, जो पॅरा बदललाय त्यावर पेननं दुरुस्ती करा, समासात अमेंडमेंटचा नंबर आणि तारीख, पुढं आद्याक्षरी सही, आणि ऑर्डरीच्या सुरवातीला अमेंडमेंट शीट लावलेलं असतं त्यावर नोंद. नुसता अमेंडमेंटचा कागद मागं टाचून ठेवला की काम झालं असं समजणारे खूप आहेत, पण पुढचा माणूस मूळ पॅरा वाचतो, मागचा कागद तो बघतच नाही.

मग बीयू डेट, म्हणजे ब्रिंग अप, कागद परत समोर काढायची तारीख. रिपोर्ट २० तारखेला ब्रिगेडला पोचायचा असेल तर बीयू १३ किंवा १४ ची टाका, २० ची नाही, कारण कंपन्यांकडून आकडे यायला दोन दिवस, जुळवायला एक, सहीला साहेब रेंजवर गेलेले असतात ते वेगळंच. बीयू डायरी रोज सकाळी चहाच्या आधी उघडायची. चहाच्या नंतर उघडणारे क्लार्क मी पाहिलेत, त्यांची फोनवर माफी मागण्यात दुपार जाते.

आपली ऑर्डर लिहिताना

एका ऑर्डरीत एकच विषय ठेवा. ड्युटीची ऑर्डर आणि त्यातच मेसच्या वेळा, असं केलं की वेळा कुणी वाचत नाही. माणसाचं नाव कधीच एकटं लिहायचं नाही, नंबर, रँक, नाव, कंपनी, कारण मराठा बटालियनमध्ये पाटील आणि जाधव किती निघतील त्याचा नेम नाही. सुरू कधी, संपणार कधी, जबाबदार कोण. "ताबडतोब", "लवकरात लवकर", "आवश्यकतेनुसार" असले शब्द आले की समजायचं, लिहिणाऱ्यानं ठरवलेलंच नाहीये.

चांगली ऑर्डर कशी असते हे बघायचं असेल तर शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या घोडदळाला लिहिलेलं पत्र वाचा, १६७० च्या दशकातलं. पावसाळ्याआधीचं पत्र आहे. दाणा-गवताचा साठा आत्ताच बेहिशेबी उधळला तर पावसात घोडी मरतील, मग माणसं कुणब्यांच्या घरी जाऊन धान्य-भाजी उचलतील, लोक गाव सोडून जातील. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल, गवताला आग लागेल. एवढ्या बारकाव्यानं! काय करायचं ते आहे, नाही केलं तर पुढं काय काय होत जाईल ते क्रमानं आहे, आणि बोल कुणावर येईल तेही आहे. आपल्या आजच्या फायर ऑर्डरी बघा, सगळ्या एकसारख्या छापलेल्या, बादल्या किती आणि कुठं, संपलं. वाळलेल्या गवताचा आणि दिव्याचा संबंध जवानाला कळला तर तो रात्री उठून बघेल ना.

ड्राफ्ट हेडक्लार्ककडून ॲडज्युटंट आणि मग सीओ असा जातो. सहीला कोरा किंवा अर्धवट भरलेला कागद ठेवायचा नाही, "साहेब बाहेर चाललेत, आकडे नंतर टाकतो" हे तर अजिबातच नाही. आर्मी ॲक्टचं कलम ५८ वाचून ठेवा. पगार, हत्यार, दारूगोळा, स्टोअर याच्या कागदावर महत्त्वाची जागा फसवणुकीनं कोरी ठेवून सही करणं हा त्यात गुन्हा आहे. कलम ५७ खोट्या नोंदीचं. दोन्ही कलमं क्लार्कच्या टेबलाला अगदी चिकटून आहेत, पण ट्रेनिंगनंतर परत कुणी काढून वाचत नाही.

पोचवणं आणि पोचलं हे दाखवता येणं

पार्ट वन निघाली की एक बोर्डावर, एकेक कंपनीला, आणि संध्याकाळी गिनतीला (हजेरीला) सीएचएमनं वाचून दाखवायची. वाचून म्हणजे नुसती इंग्लिश ओळ घाईघाईत म्हणून दाखवणं नाही, समजावून. हिंदीत सांगा, मराठा पलटणीत तर सरळ मराठीत सांगा, मागच्या ओळीतल्या एकाला उठवून विचारा की काय सांगितलं आत्ता.

आणि आता जे गिनतीला नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न. गार्डवर आहेत, कोर्सवर आहेत, डिटॅचमेंटवर आहेत, एमएचमध्ये (मिलिटरी हॉस्पिटल) ॲडमिट आहेत, रजेवर आहेत. महत्त्वाच्या ऑर्डरीसाठी कंपनीत नॉमिनल रोल (नावांची यादी) काढायचा, पुढं सहीचा रकाना, जो जसा येईल तशी त्याला ऑर्डर वाचायला द्यायची आणि सही तारखेसकट घ्यायची. ही सही फॉर्मॅलिटी वाटते पण उद्या कुणावर ऑर्डर न पाळल्याचा चार्ज लागला, म्हणजे कलम ४२ मधला लोकल ऑर्डरीकडं दुर्लक्ष केल्याचा वगैरे, तर पहिला प्रश्न हाच येतो, की त्याला ऑर्डर माहीत होती हे कशावरून? तेव्हा सीएचएम म्हणतो मी सांगितलं होतं, जवान म्हणतो मी तेव्हा रजेवर होतो, आणि रोल निघाला की दोन मिनिटात निकाल. तो रोल जवानाला पण वाचवतो हे विसरू नका.

गार्ड पोस्टवरच्या संत्री ऑर्डरी दर महिन्याला स्वतः जाऊन बघा. कागद प्लास्टिकमध्ये घातलेला असतो, पावसात आत वाफ धरते, खालच्या तीन ओळी पसरून निळ्या झालेल्या असतात आणि नेमक्या त्याच ओळी फायर कधी करायचं त्याच्या असतात. शिवाय सहीखालची तारीख बघा, दोन सीओ आधीची निघते कधी कधी.

मोबाइल. ऑर्डरीचा फोटो काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकणं सोपं आहे, सगळ्यांना पटकन कळतं, मान्य. तरी नाही म्हणजे नाही. रिस्ट्रिक्टेड शिक्का असलेला कागद पण बाहेर जाऊ द्यायचा नसतो, आणि त्यावरच्या नावांवरून, तारखांवरून युनिट कुठं आहे, कोण कधी हलतंय ते सगळं कळतं. जुलै २०२० मध्ये आर्मीनं ८९ ॲप काढून टाकायला सांगितली होती, फेसबुक इन्स्टाग्रामसकट, ती उगाच नाही. वर ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट १९२३ आहेच.

पार्ट टू, इथं मात्र घाई नको

पार्ट वन आजची असते, पार्ट टू तुमच्या मागं तुमच्या बायकोपर्यंत जाते. भरती, प्रमोशन, पोस्टिंग, रजा, कोर्स, शिक्षा, लग्न, मूल, मृत्यू, म्हणजे ज्यानं माणसाचं रेकॉर्ड किंवा पगार बदलतो ती प्रत्येक घटना पार्ट टूनं छापली जाते. जवान आणि जेसीओंची (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) ती जाते रेकॉर्ड ऑफिसला आणि पीएओला (पे अकाउंट्स ऑफिस), मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, आर्टिलरीचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. ऑफिसरांच्या पगाराचं पुण्याच्या पीसीडीएकडं (प्रिन्सिपल कंट्रोलर ऑफ डिफेन्स अकाउंट्स).

पार्ट टूला वर्षवार सीरियल नंबर असतो, तो तुटता कामा नये. मधला नंबर गाळला गेला तर पुढचे अडकू शकतात, म्हणून रजिस्टरमध्ये नंबर आधी, टायपिंग नंतर. आणि छापलेली पार्ट टू चुकली तर तिच्यावर गिरवायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही. नवीन नंबरनं दुसरी पार्ट टू काढायची, त्यात अमुक नंबर, अमुक तारखेच्या ऑर्डरीतली अमुक नोंद रद्द किंवा अशी वाचावी, असं लिहायचं. चूक आणि दुरुस्ती दोन्ही रेकॉर्डवर दिसल्या पाहिजेत.

आता लग्नाचंच उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त त्रास ह्याच नोंदीचा. जवान रजेवरून येतो, पेढे देतो, आणि म्हणतो पार्ट टू करून टाका. त्याच्याकडून ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचा एकत्र फोटो, बायकोचा जन्मतारखेचा पुरावा आणि आधार, एवढं तरी घ्या आणि चारही कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. आपल्याकडं हमखास निघणाऱ्या गोष्टी अशा: शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, कारण गुरुजींनी दाखल करताना तीच टाकली, आणि आधारवर १ जानेवारी, कारण तिथं नुसतं वर्ष सांगितलं होतं. माहेरचं नाव सुनीता, सासरी बदलून केलं सायली, दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं. मधलं नाव कुठं वडलांचं कुठं नवऱ्याचं. आडनावाचं स्पेलिंग एकात डबल ए, एकात सिंगल. कुठं तर "सौ." सुद्धा नावात धरलेलं.

ह्यातलं काहीही जुळत नसेल तर पार्ट टू थांबवा आणि आधी कागद दुरुस्त करून आणायला सांगा. नाव बदललं असेल तर गॅझेट आणि ॲफिडेव्हिट. जवान चिडेल, म्हणेल की पुढच्या रजेत बघू, आत्ता आहे तसं छापा. छापू नका. मी नको म्हणतोय त्याचं कारण आज स्पर्श आहे. पेन्शनचं सगळं स्पर्श पोर्टलवर प्रयागराजच्या पीसीडीएकडून चालतं आणि तिथं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळावी लागते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी युनिटमध्ये कुणीतरी घाईत छापलेलं एक अक्षर घेऊन सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कितीतरी म्हाताऱ्या बायका जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर बसलेल्या असतात, नवरा गेलेला, फॅमिली पेन्शन अडकलेली. युनिटमधला तो क्लार्क तोपर्यंत रिटायर होऊन गावी ऊस बघत असतो.

लग्नाबरोबरच त्याच बैठकीत एजीआयचं (आर्मी ग्रुप इन्शुरन्स) आणि एएफपीपी फंडाचं (प्रॉव्हिडंट फंड) नॉमिनेशन भरून घ्या. पार्ट टू झाली म्हणजे नॉमिनेशन आपोआप बदललं, असं धरून कधीच चालू नका, फंडावर अजून आईचं नाव असतं आणि पुढं सासू-सुनेचं भांडण कोर्टात जातं. मूल झालं की जन्मदाखला आणून त्याची पार्ट टू, नाहीतर चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्सचा क्लेम परत येतो, आणि रिटायर झाल्यावर ईसीएचएस (माजी सैनिकांची वैद्यकीय योजना) कार्डाला पण तीच नोंद लागते.

रजेचं पण सांगतो. जवान आणि जेसीओंना वर्षाला ६० दिवस ॲन्युअल लीव्ह आणि ३० दिवस कॅज्युअल, आणि शेवटी रजेचे जास्तीत जास्त ३०० दिवस एनकॅश होतात. युनिटच्या कामामुळं रजा मिळाली नाही आणि शिल्लक दिवस साठवल्याची पार्ट टू त्या त्या वर्षी निघाली नाही, तर रिटायरमेंटला हिशोब कमी निघतो. त्या वेळचे सीओ, ॲडज्युटंट सगळे पांगलेले, कोण सर्टिफिकेट देणार? म्हणून वर्ष संपलं की जानेवारीतच प्रत्येक कंपनीचा रजा हिशोब मागवा.

पाठवलेली पार्ट टू पीएओनं स्वीकारली की परत पाठवली, हे बघणं तुमचं काम. परत येण्याची कारणं तीच तीच असतात, नंबर आणि नाव जुळत नाही, अथॉरिटी लिहिली नाही, आधीची नोंद अजून उघडी आहे (रजेवर गेल्याची आहे, परत आल्याची नाही), तारखा एकमेकींवर चढल्यात. परत आलेल्यांचं वेगळं रजिस्टर ठेवा आणि लाल पेननं. जवानांनी पण हमराज ॲपवर पे स्लिप येते तेव्हा नुसता शेवटचा आकडा बघून बंद करू नये, पार्ट टूची स्थिती पण बघावी, दिसली नाही तर महिना-दोन महिन्यात ऑफिसला यावं. सैनिक संमेलनात हा पॉइंट उठवलात तरी चालेल, तिथं उठलेला पॉइंट मिनिट्सला चढतो आणि मग कुणाला तरी उत्तर द्यावंच लागतं.

फाइल, जाळणं, चार्ज देणं

फाइलमध्ये डाव्या बाजूला मिनिट शीट, उजवीकडं पत्रव्यवहार, प्रत्येक कागदाला एन्क्लोजर नंबर. जाड झाली की व्हॉल्यूम दोन, आणि पॉलिसीचं लेटर रोजच्या पत्रव्यवहारात घालायचं नाही, त्याची फाइल वेगळी.

क्लासिफाईड कागद मनाला आलं म्हणून फाडून टाकायचे नसतात. मुदत बघायची, वरची परवानगी, नेमलेल्या ऑफिसरसमोर जाळायचे, राख मोडायची, डिस्ट्रक्शन सर्टिफिकेटवर सह्या आणि रजिस्टरमध्ये त्या नोंदीसमोर सर्टिफिकेटचा नंबर. ड्राफ्ट आणि बिघडलेल्या प्रिंट पण ह्यातच आल्या, त्या रद्दीत जात नाहीत.

पोस्टिंग आलं की चार्ज देताना नव्या माणसाला कपाटाची किल्ली देऊन मोकळं होऊ नका. सीक्रेटचं रजिस्टर घेऊन एकेक कागद कॉपी नंबरासकट हातात द्या, बीयू डायरीतल्या पुढच्या दोन महिन्यांच्या तारखा वाचून दाखवा, परत आलेल्या पार्ट टूंची यादी वेगळी टाइप करा आणि हँडिंग टेकिंगच्या सर्टिफिकेटला जोडा. घेणाऱ्यानं पण न मोजता सही करू नये. ट्रेनची वेळ झाली असली तरी.